एक पानही पुढे वाचायचं नाही

मला त्या पुस्तकांची गोडी कशी लागली ते आधी सांगते, कारण लोकांना नवल वाटतं. आमच्या घरात देव्हारा आहे, गणपती बसतो, सत्यनारायण होतो, आणि मी मात्र म्हातारपणी ख्रिस्ती लोकांच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचत बसले. प्रेमाच्या आणि रहस्याच्या. प्रेमाच्या म्हटलं की माणसं डोळे बारीक करतात. पण त्या इतक्या सोज्वळ असतात की सुनेसमोर उघड्या ठेवाव्यात. एक मुलगी असते, शहरात काहीतरी सोसून आलेली. गाव लहान असतं. शेजारच्या मळ्यावर एक भला माणूस राहतो, बहुतेक बायको गेलेला. कोणीतरी त्या मुलीच्या मागावर असतं, खिडकीशी पावलं वाजतात, चिठ्ठ्या येतात. दर वीस पानांनी कोणीतरी गुडघे टेकून प्रार्थना करतं. दारू नाही, शिवी नाही, अंगचटीला येणं नाही. पावणेदोनशेव्या पानावर हात हातात येतो आणि शेवटच्या पानावर लग्न लागतं. वाईट माणूस सापडतोच. दिवसभर घर ओढून दमलेल्या बाईला अजून काय हवं? आपल्या घरात नाही तर नाही, पुस्तकात तरी सगळं जागच्या जागी लागतं.

ही पुस्तकं मला तलासरीला मिळाली. तिथे मिशनच्या सिस्टर चालवायच्या त्या मुलींच्या एका वसतिगृहात मी बरीच वर्षं कोठी सांभाळली. तांदूळ किती भिजवायचा, तेलाचा डबा कधी फोडायचा, सगळं माझ्याकडे. शाळा माझी नववीपर्यंत. इंग्रजी मी त्या कोठीतच शिकले. परदेशातून कपड्यांची, दूध पावडरीची खोकी यायची, त्यांवरचं वाचायचं आणि अडलं की तिथल्या मोठ्या सिस्टरना विचारायचं. त्या कधी कंटाळल्या नाहीत. खोक्यांत कपड्यांच्या खाली ही पुस्तकंही यायची. मुलींना ती जड जायची, सिस्टरना वेळ नसायचा. मग मीच न्यायची, रात्रपाळीची बाई येईपर्यंत वाचायची. एका हाताशी डिक्शनरी. पहिलं पुस्तक संपवायला मला सहा महिने लागले, आणि शेवटी त्यांचं लग्न लागलं तेव्हा मी गव्हाच्या पोत्यावर बसून रडले, इतकी मी त्या माणसांत राहून आले होते.

चौदा साली गुडघ्यांनी काम सोडायला लावलं. यजमान त्याआधीच गेले होते. मुलगा नोकरीला वापीला. मसोलीच्या घरात मी आणि माझ्या वन्सं, यजमानांच्या थोरल्या बहीण, अशा दोघीच उरलो. वन्सं तरुणपणी विधवा होऊन गंजाडहून माहेरी परत आल्या त्या कायमच्या. चिकूची वाडी आम्ही खंडाने दिली होती, तरी दारात चिकूचे ढीग पडायचे, निवडणाऱ्या बायका यायच्या, त्यांना चहापाणी असायचंच. निघताना सिस्टरांनी मला दोन खोकी भरून पुस्तकं दिली. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "मावशी, काय आहे, आंबे?" म्हटलं, "आंब्यांपेक्षा बरं आहे. नासत नाही."

तेव्हापासून दुपारी दोन ते तीन हा वेळ माझा झाला. भांडी झाली, वन्सं लवंडल्या, की मागच्या पायरीवर बसायचं आणि पुस्तक उघडायचं. तो तास म्हणजे माझं माहेर होतं म्हणा ना. तिथे मला कोणी काही मागत नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात, लहानपणापासून बघा, असा एकटीचा तास मला कधी मिळाला नव्हता. दोन वर्षं मिळाला.

सोळा साली वन्सं न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन चाला. वन्संनी वॉकरकडे अशी नजर टाकली, जशी कोणी दारात बांधलेल्या परक्या म्हशीकडे टाकावी. "ते मी नाही धरणार," म्हणाल्या, आणि नाहीच धरलं. पलंगावर राहिल्या त्या राहिल्या. मग भांडं देणं, पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, सगळं माझ्यावर. वन्सं अंगाने थोराड. मीही पासष्टीची. एकदा त्यांना उठवून बसवलं की मला पाच मिनिटं भिंत धरून उभं राहावं लागायचं. त्यांनी मला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही. "अगो" हेच माझं नाव. दिवसातून पन्नास वेळा "अगो".

दुपारची झोपही त्यांची गेली. मग माझा तास कुठून राहणार? मी त्यांच्याच खोलीत खुर्चीवर बसून वाचायचा प्रयत्न केला.

"अगो, काय आहे त्यात?"

"गोष्ट आहे."

"मग मोठ्याने वाच की."

"इंग्रजी आहे हो, वन्सं."

"मग मराठीत वाच."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. छताकडे बघत म्हणाल्या, "तू त्या गोष्टीत जाऊन बसतेस, मी इथे पाल मोजते. एकच पाल आहे." मी पुस्तक पहिल्या पानावर नेलं.

वन्संच्या कानांना फक्त पोथीची सवय. आमच्याकडे श्रावणात पोथी वाचतात तेव्हा वाचणारीने हातपाय धुवायचे, पोथी पाटावर ठेवायची, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही. ऐकणारीने मधूनमधून हुंकार द्यायचा. वन्संनी हे सगळे नियम जसेच्या तसे माझ्या कादंबरीला लावले. पुस्तकाला पाट. मला हातपाय धुणं. आणि अध्याय पुरा. पण पोथीचा अध्याय अर्ध्या तासात संपतो. यांचा अध्याय तीस पानांचा, तोही मी एकेक वाक्य मनात उलटून मराठीत सांगणार. दोनला बसले की पाच वाजायचे. घसा सुकायचा, चहा राहायचा, दारात चिकू निवडणाऱ्या बायका ओरडायच्या. उठायला गेले की वन्सं म्हणायच्या, "अर्ध्यात सोडतेस? दोष लागेल." म्हटलं, "वन्सं, यात कसला दोष? घोड्याला खरारा करतायत." तर म्हणाल्या, "मग खरारा संपव."

पहिल्या पुस्तकात मी प्रार्थना गाळत गेले. म्हटलं सोवळ्याओवळ्याच्या बाई, कशाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"थांब. दोन पानं उलटलीस आणि ती मुलगी तिथेच उभी. काय गाळलंस?"

"प्रार्थना आहे हो. त्यांच्या देवाची."

"मग? संकटात माणूस देवाला हाक मारणार नाही तर काय पोस्टमनला मारणार? देवाचं गाळू नये."

तेव्हापासून मी प्रार्थना वाचायची आणि वन्सं पडल्या पडल्या हात जोडायच्या. मुलाला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, घरात पोथ्या कमी आहेत का?" वन्संनी पलंगावरूनच आवाज चढवला, "त्याला सांग, यातला मुलगा आईला रोज भेटायला येतो!"

ऐकताना त्यांचं तोंड बंद नसायचं. बर्फ पडलेलं मी सांगितलं तर म्हणाल्या, "फ्रीजमधलं?" मी म्हटलं, "हो, पण अंगणभर." ब्लूबेरी नावाच्या फळाचा एक गोड पदार्थ असायचा, तो मी जांभळाची पोळी करून टाकला. "जांभळाची पोळी? बिया काढतात का?" काढतात म्हटलं. मळ्यावरचा तो माणूस दीडशे पानं नुसता कुंपण दुरुस्त करतोय यावर त्या फार चिडल्या. "एवढा मोठा घोडा, अजून बोलत नाही तिच्याशी. आई कुठे आहे याची? ठरवून टाकायचं ना लग्न." आणि मुलगी एकटी कोठारात गेली की, "परत गेली! मागच्या वेळी काय झालं होतं? हिला कोणी थोरलं माणूसच नाही."

एक दिवस शेजारीण केळी आणि जास्वंदीचं फूल घेऊन आली. तिने कुंपणापलीकडून महिनाभर माझा आवाज ऐकला होता आणि तिची समजूत झाली होती की वन्संसाठी पारायण चाललं आहे. ती आली, पुस्तकाला हात लावून नमस्कार केला, वर फूल ठेवलं. पुस्तकावर टोपीवाल्या बाईचं चित्र होतं. तिने ते पाहिलं आणि खाली बसली. मी घाबरून वन्संकडे पाहिलं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "वाच पुढे. भक्तीचंच आहे." नेमका बंदूकवाला खिडकीशी येतो तो भाग. शेजारणीने पदर तोंडात धरून सगळा ऐकला. उठताना म्हणाली, "पोथी नाही हे मला केव्हाच कळलं. पोथीत कोणी कुत्र्याला बिस्कीट घालतं का? पण उद्या मी येतेय. त्या मुलीचं काय होतं ते मला कळलं पाहिजे." ती पुस्तक संपेपर्यंत येत राहिली. समाप्तीला तिनेच शिरा केला.

हे सगळं आता सांगताना गमतीचं वाटतं. तेव्हा मी थकले होते. पाठ अशी धरायची की चादर पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि खरी गोष्ट सांगते, मला सगळ्यांत लागलं होतं ते माझा तास गेल्याचं. पुस्तक मी वाचत होते, पण ते माझं राहिलं नव्हतं. ते वन्संचं झालं होतं, औषधासारखं, जेवणासारखं, मी वाढायचं आणि त्यांनी घ्यायचं.

मग मी चोरी करायला लागले. सकाळी भात चुलीवर चढवला की स्वयंपाकघरात दहा पानं पुढची वाचून घ्यायची. मनातल्या मनात, कोणासाठी नाही, माझ्या वेगाने. ती दहा पानं मला दिवसभर पुरायची. पण वन्संचे कान. एका दुपारी मी वाचत होते, मुलगी अंधाऱ्या जिन्यावर उभी, वरून फळी करकरते.

"अगो, तू वाचलंयस हे."

"नाही हो."

"जिन्याच्या वर कोण आहे ते तुला माहीत आहे. आवाज सैल पडलाय तुझा. तो चांगला माणूसच असणार वर."

चांगलाच होता. वन्संना इतका राग आलेला मी पाहिला नव्हता. "मी इथे जीव मुठीत धरून बसते आणि तू आधीच सगळं बघून येतेस? म्हणजे मी एकटीनेच घाबरायचं?" मग म्हणाल्या, "माझी शपथ घे. एक पानही पुढे वाचायचं नाही." मी घेतली. काय करणार? त्या पलंगावरच्या बाईची शपथ मोडायला माझी जीभ धजणार नव्हती. पण त्या संध्याकाळी भांडी मी अशी आपटली की शेजारणीने कुंपणातून विचारलं, काय पडलं.

दीड वर्ष शपथ पाळली. सकाळी भात शिजत असायचा आणि पुस्तक फळीवरून माझ्याकडे बघत असायचं. मी त्याच्याकडे पाठ करून डाळ निवडायची.

अठरा साली आम्ही खोक्यातलं सगळ्यांत जाड पुस्तक काढलं, चारशे पानांचं. त्यात एका गावात तरुण शिक्षिका येते आणि तिच्या घरात कोणीतरी येऊन वस्तू हलवून जातं. काही चोरत नाही. फक्त हलवतं. कप इकडचा तिकडे, खुर्ची खिडकीकडे वळवलेली. मला मेलीला त्याने झोप येईना. शपथ नसती तर मी एका सकाळीत शेवट गाठला असता. सव्वाशेव्या पानावर वन्संना ताप भरला. छातीत कफ. डॉक्टर घरी आले, तपासलं, ओट्यावर येऊन हळूच म्हणाले, "मावशी, औषध देतो, पण वय बघा ना त्यांचं. मुलाला बोलावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला वगैरे वन्संनी डोळे उघडले. आवाज असा, जसा कागद चुरगळावा.

"अगो. ते पुस्तक घे. शेवटचं वाच."

"अध्याय अर्धा राहिलाय, वन्सं."

"राहू दे. कोण वस्तू हलवतो ते सांग."

"मला माहीत नाही."

"आता तरी खोटं बोलू नकोस."

"तुमची शपथ घेतलीय ना. एक पान पुढचं वाचलेलं नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "खरंच नाही वाचलंस? वेडीच आहेस."

मी पाट नाही मांडला, पाय नाही धुतले. शेवटचं प्रकरण उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं. वस्तू हलवणारी शेजारची म्हातारी होती. रोज गरम सूप घेऊन येणारी. त्या घरात पूर्वी तिची मुलगी राहायची, आणि मुलगी असताना घर जसं होतं तसं ती लावून ठेवायची. बंदूकवाला याही पुस्तकात होता, पण तो वेगळा, आणि तो पकडला गेला. म्हातारीला कोणी पकडलं नाही. शिक्षिकेने तिला किल्ली दिली. लग्न सफरचंदांच्या बागेत.

"मी म्हटलं होतं," वन्सं म्हणाल्या. म्हटलं नव्हतं त्यांनी. पण मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, आणि मी मुलाला फोन लावला.

मुलगा आला, सून आली, गंजाडची माणसं आली. तीन दिवस घर भरलेलं. चौथ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "पेज आहे का?" पेज दिली. वाटीभर प्यायल्या. वर म्हणाल्या, मीठ कमी आहे. माणसं एकेक करून परत गेली. मुलगा जाताना म्हणाला, "आत्या खमकी आहे." त्याची मोटारसायकल वळणावर गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बरं वाटलं म्हणून रडले असं लिहिता आलं असतं. ते खोटं होईल. त्या तीन दिवसांत माझ्या मनाने पुढचं सगळं मांडून ठेवलं होतं, रिकामा पलंग, धुतलेल्या चादरी, आणि मी मागच्या पायरीवर. ते सगळं परत उचलून ठेवावं लागलं. मला माझीच लाज वाटत होती आणि चूल पेटवायचं त्राणही नव्हतं.

वन्सं त्यानंतर वर्षभर होत्या. मधली अडीचशे पानं राहिली होती. मी विचारलं, वाचायची का, शेवट तर कळला. त्या म्हणाल्या, "वाच की. आता बरं. आता घाई नाही." आणि खरंच, वाचायला वेगळीच मजा आली. म्हातारी सूप घेऊन आली की आम्हा दोघींना तिची माया वाटायची. खुर्ची वळलेली दिसली की वन्सं म्हणायच्या, "बघ, मुलीची आठवण आली तिला." भीती गेली होती. भीती नको अशा वयाच्या आम्ही दोघी होतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

पण माझा घसा बसला होता आणि वाचताना मला धाप लागायची. एका दुपारी वन्संनी प्रकरणाच्या मध्येच हात वर केला. म्हटलं आता काय चुकलं.

"अगो, तू जा. बाहेर बसून वाच तुझं तू."

"अध्याय अर्धा आहे."

"असू दे. मला शेवट माहीत आहे. तू वाच, आणि मग त्यातलं चांगलं चांगलं मला सांग. शपथ सुटली म्हण."

मी पुस्तक घेऊन मागच्या पायरीवर गेले. अडीच वर्षांनी. वाडीत कोणी नव्हतं. चिकूंचा तो गोड, किंचित आंबूस वास. मी चष्मा पुसला, पान उघडलं, चार ओळी वाचल्या असतील नसतील. जागी झाले तेव्हा ऊन कुंपणाच्या पलीकडे गेलं होतं आणि मान एका बाजूला आखडली होती. साडेपाच.

धावत आत गेले. वन्सं जाग्याच होत्या. चादर ओली. बराच वेळ झाला असावा, कडेने सुकायलाही लागली होती.

"हाक नाही का मारायची, वन्सं?"

"तू वाचत होतीस ना."

मी त्यांना कुशीवर वळवलं, ओली चादर खालून ओढली, अंग पुसलं, नवी चादर एका बाजूने खोचली. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता.

"मग?" त्या भिंतीला म्हणाल्या. "काय झालं पुढे?"

"शिक्षिका म्हातारीकडे गेली," मी सुरुवात केली. "दुपारच्या वेळी. म्हटलं, जरा बसू का तुमच्याकडे. म्हातारीने चहा टाकला."

"चहा? सूप नाही?"

"आज चहा. वळा इकडे आता, हळू. हां. मग दोघी ओट्यावर बसल्या."

"आणि?"

"आणि बसल्या," म्हटलं, आणि दुसरी बाजू खोचायला घेतली.